श्रमाची प्रतबंदी

मुंबई इलाख्यातील जमीनधाऱ्याची नवी पद्धत ज्या तालुक्यात प्रथम लागू झाली, तो पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुका होय. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३५-३६ च्या सुमारास तेथे जे काम आरंभिले, त्याचे नियम पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात कायम झाले. त्या नियमांचे सार असे की, जमिनीस 'चांगली' अथवा 'वाईट' एवढेच म्हणून भागत नाही. मातीची जात कोणती, खोली किती, चुनखड किती, रेती किती, उतार कसा, पाणी साचते की काय, हे एकेक पाहावे. जात व खोली यांवरून प्रत ठरवावी आणि आढळेल त्या प्रत्येक दोषागणिक ती एक पायरी खाली उतरवावी. अशा रीतीने सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत नऊ प्रती झाल्या. महसूल खात्याच्या दप्तरांत उमेदीची वर्षे घालविलेल्या आमच्यासारख्यांस या रीतीचे गुणदोष दोन्ही ठाऊक आहेत. तथापि अंदाजाच्या जागी मोजमाप आले, हा तिचा मोठा गुण नाकारता येत नाही.

जमिनीची प्रतबंदी अशी झाली; परंतु त्या जमिनीवर जो राबतो त्याच्या श्रमाची प्रतबंदी गावच्या कोणत्याही दप्तरात आढळत नाही. नांगरणी, खणणी, पोती वाहणे ही 'जड' कामे. खुरपणी, लावणी, वेचणी ही 'हलकी' कामे, अशी वाटणी गावोगाव रूढ आहे. ही वाटणी कोणी मोजून केलेली नाही, ती तोंडी चालत आली आहे. तरी रोज ठरतो तो तिच्यावरूनच. जड काम गड्याचे, हलके काम बाईचे. आणि काम हलके म्हणून तिचा रोज कमी. तीच बाई पन्नाशीस पोचते न पोचते तोच गुडघ्यावर हात टेकून उठू लागते, कंबर धरून चालू लागते, तेव्हा 'वय झाले' एवढेच तिला सांगण्यात येते. काम खरोखरच हलके होते काय, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. श्रम मोजण्याच्या ज्या रीती शास्त्रज्ञांनी काढल्या आहेत, त्या या प्रश्नाचा काय निवाडा देतात, हे वाचकांपुढे ठेवण्याचा या लेखाचा हेतू आहे.

रोग्यास पुसावयाचा एक प्रश्न

धंदा आणि दुखणे यांचा संबंध पद्धतशीरपणे पाहणारा पहिला मोठा वैद्य इटलीतला. बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० मध्ये मोदेना येथे कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. वैद्य रोग्यास जे प्रश्न विचारतो त्यांत 'तुझा धंदा कोणता?' हा आणखी एक घालावा, असे त्यांनी सांगितले. धंद्यापासून होणाऱ्या रोगांची त्यांनी दोन मूळ कारणे मानली: एक, हाताळल्या जाणाऱ्या पदार्थांचा उपद्रव, दुसरे, शरीराच्या जबरीच्या हालचाली व अस्वाभाविक ठेवण. त्यांच्या ग्रंथात शेतकऱ्यांवर लिहिलेले आहे, तसे लेखनिकांवरही आहे. म्हणजे घाम गाळणारासच तेवढी पीडा होते आणि बसून काम करणारा सुखी असतो, ही समजूत तीनशे वर्षांपूर्वीच्या या वैद्यासही मान्य नव्हती. परंतु पाहणे वेगळे आणि मोजणे वेगळे. मोजण्याची साधने पुढे आली, आणि ती तीन वाटांनी आली.

पहिले माप : श्वास व नाडी

शरीर काम करते तेव्हा ते अन्न जाळते, आणि जाळण्यास प्राणवायू लागतो. फ्रान्समधील लाव्हाझिए या रसायनशास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस आपला सहकारी सेग्वँ यासच प्रयोगास बसविले, आणि श्रम करताना मनुष्य विश्रांतीपेक्षा अधिक प्राणवायू घेतो हे मोजून दाखविले. एक लिटर प्राणवायू खर्च झाला म्हणजे शरीरात सुमारे ५ किलोकॅलरी शक्ती खर्ची पडली, असा हिशेब पुढे बसला. परंतु शेतात जाऊन मजुराच्या तोंडाला नळी लावणे सर्वांस साधणारे नाही. प्राणवायूची मागणी वाढली की रक्त अधिक वेगाने फिरवावे लागते, म्हणून नाडीचे ठोकेही वाढतात. तेव्हा नाडी हे त्या मापाचे गरिबाचे साधन ठरले.

या बाबतीत आपल्याकडेही चांगले काम झाले आहे. पी. एन. साहा व त्यांचे सहकारी यांनी १९७९ मध्ये भारतीय कामगारांकरिता दिवसभराच्या श्रमाची ग्राह्य मर्यादा मांडली. कामगाराच्या प्राणवायू घेण्याच्या कमाल शक्तीच्या सुमारे ३५ टक्के, आणि नाडीने पाहू गेल्यास मिनिटास सुमारे ११० ठोके, अशी ती मर्यादा आहे. व्हर्गीस, साहा व अत्रेय यांनी १९९४ मध्ये भारतीय स्त्रियांच्या कामांची जी वर्गवारी प्रसिद्ध केली ती अशी:

नाडी मिनिटास ९० पर्यंत : अति हलके काम
९१ ते १०५ : हलके
१०६ ते १२० : मध्यम जड
१२१ ते १३५ : जड
१३६ ते १५० : फार जड
१५० च्या वर : पराकाष्ठेचे जड

यासच जोड म्हणून स्वीडनमधील गुन्नार बोर्ग यांची श्रेणी सांगितली पाहिजे. श्रम किती वाटतात हे करणाऱ्यासच विचारावे, असे त्यांनी ठरविले. त्यांच्या श्रेणीत ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत आणि २० म्हणजे पराकाष्ठा. निरोगी तरुण माणसाने सांगितलेला अंक दहाने गुणिला असता त्याच्या नाडीच्या जवळपास येतो. मजुराचे 'दमलो' हे शब्द केवळ कुरकुर नसून तेही एक माप आहे, हा यातील बोध मालकवर्गाने ध्यानात घेण्याजोगा आहे.

आता या मापाने खुरपणी मोजली तर काय होईल? बाई बसून, हळूहळू सरकत, हाताने काम करीत असते. धावपळ नाही, ओझे नाही. ऊन कडक नसेल तर नाडी बहुधा वरच्या तीन पायऱ्यांच्या आतच राहील, आणि पोती वाहणाऱ्या गड्याची नाडी तिच्या कितीतरी पुढे जाईल. म्हणजे गावची तोंडी वाटणी खरी ठरली असे कोणी म्हणेल. परंतु असा निवाडा करणारा एकाच साक्षीदाराची जबानी ऐकून दप्तर बांधतो. नाडी हृदयाचा भार सांगते. कंबरेचा व गुडघ्याचा भार ती सांगत नाही.

याचे एक नामी उदाहरण आफ्रिकेतील केनिया देशाचे आहे. तेथील लुओ व किकुयू स्त्रिया डोक्यावर अथवा कपाळपट्ट्याने ओझे वाहतात. त्यांच्या चालण्याची शास्त्रीय मोजणी १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत असे दिसले की, स्वतःच्या वजनाच्या एक पंचमांशापर्यंतचे ओझे त्या प्राणवायूचा जादा खर्च न करता वाहून नेतात. श्वासाच्या मापाने पाहिले तर ओझे जणू नाहीच. पण मानेच्या मणक्यांवर ते ओझे असतेच. त्यास कोणत्याही कसबाने सूट मिळत नाही.

दुसरे माप : वजन व अंतर

दुसरी रीत ओझ्याची. येथेही 'किती किलो' एवढे विचारून भागत नाही. अमेरिकेतील व्यवसाय-आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने १९८१ मध्ये उचलण्याचे एक सूत्र केले व १९९१ मध्ये ते सुधारले. ते वाचताना आम्हांस जुन्या प्रतबंदीचीच आठवण झाली, कारण घडण तीच आहे. सर्व गोष्टी अनुकूल असता दोन हातांनी उचलावयाचे वजन २३ किलो धरावे. ही सोळा आणे जमीन. मग एकेक दोष पाहावा आणि त्या त्या प्रमाणात वजन कमी करावे.

पहिला दोष ओझे अंगापासून दूर असण्याचा. ते २५ सेंटिमीटर अंतरावर असेल तर पूर्ण २३ किलो; ५० सेंटिमीटरवर असेल तर निम्मे, म्हणजे साडेअकरा. दुसरा दोष ते जमिनीवरून उचलण्याचा. सूत्रात ७५ सेंटिमीटर उंची, म्हणजे सुमारे हाताच्या पंजाची उंची, ही उत्तम मानिली आहे. तेथून खाली अगदी जमिनीपर्यंत गेल्यास वजनास ०.७७५ ने गुणावे लागते, आणि साडेअकराचे जेमतेम ९ किलो उरतात. तिसरा दोष अंग पिळण्याचा. उचलून बाजूस अर्धा काटकोन वळावयाचे असेल तर त्यांतूनही सातवा हिस्सा जाऊन साडेसात किलोच्या जवळपास राहतात. वारंवार उचलणे, धरण्यास कान नसणे, हे दोष आणखी निराळे. हे सूत्र दोन हातांनी उचलण्यापुरतेच आहे, पाठीवरच्या वा डोक्यावरच्या वाहतुकीस ते लावू नये. तरी जमिनीवरचे पोते पुढे वाकून, दूर धरून व वळून गाडीत टाकणे म्हणजे कंबरेस काय, याची कल्पना त्यावरून येते.

आपल्याकडे हा प्रश्न पोत्याच्या वजनाच्या रूपाने आला. तीन बंगाली मणांचे पोते म्हणजे सुमारे ११२ किलो. मेट्रिक मापे आल्यावर ते क्विंटलचे, म्हणजे १०० किलोचे झाले, आणि ते एकट्या माणसाने पाठीवर घ्यावे ही बाजाराची रूढी होती. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९६७ मध्ये एका प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली. महाराष्ट्रात १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी उभारलेल्या हमाल पंचायतीने पोत्याचे वजन ५० किलोवर आणण्याचा आग्रह वर्षानुवर्षे धरिला, आणि धान्याचे व सिमेंटचे पोते आज ५० किलोचे दिसते. क्विंटलाचे अर्धे झाले ते कोणाच्या दयेने नव्हे. मोजमाप व संघटना या दोहोंनी मिळून ते झाले. तथापि ५५ हा आकडा सोसण्याच्या कडेचा आहे, सुखाचा नव्हे, हे वरील २३ किलोंच्या सूत्रावरून उघड होते.

तिसरे माप : अंगाची ठेवण व वेळ

आता ज्या साक्षीदाराची जबानी सहसा कोणी घेत नाही, त्याकडे वळू. फिनलंडमधील एका पोलाद कारखान्यात १९७० नंतरच्या दशकात अंगाची ठेवण मोजण्याची एक रीत निघाली व १९७७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. पाठीच्या चार ठेवणी, हातांच्या तीन, पायांच्या सात आणि ओझ्याच्या तीन पायऱ्या, असे तिचे कोष्टक आहे. गुणाकाराने २५२ प्रकार होतात. ठराविक अंतराने कामगाराकडे पाहावयाचे आणि त्या क्षणी तो कोणत्या ठेवणीत आहे त्याची खूण करावयाची. पीककापणी प्रयोगात जसे सबंध शेत न कापता ठरीव तुकडा कापून उत्पन्न काढतात, तसेच हे आहे. दिवसाचा किती भाग अंग वाकलेले होते, किती पिळलेले, किती उकिडवे, याचा अंदाज त्यावरून येतो.

वाकण्याने नेमके काय होते? मणक्यांच्या दरम्यान मऊ गाद्या असतात. स्वीडनमधील डॉक्टर आल्फ नाकेमसन यांनी १९६० नंतरच्या दशकात जिवंत माणसाच्या कंबरेच्या गादीत सुई घालून तेथील दाब मोजला. ताठ उभे असतानाचा दाब १०० धरला तर उताणे निजल्यावर तो सुमारे २५ होतो आणि उभ्याने पुढे वाकल्यावर सुमारे १५०; हातात वजन घेऊन वाकल्यास तो २०० च्याही पुढे जातो. १९९९ मध्ये जर्मनीतून प्रसिद्ध झालेल्या नव्या मोजणीत बसण्याविषयीचे आकडे बदलले, परंतु वाकल्याने दाब पुष्कळ वाढतो हा सिद्धांत कायम राहिला.

याचे कारण मोटेच्या दांड्याइतके सोपे आहे. समजा, ५५ किलो वजनाची बाई भातलावणीस कंबरेतून आडवी वाकली आहे. डोके, हात व धड मिळून सुमारे ३५ किलो भार कंबरेच्या सांध्यापासून सुमारे २५ सेंटिमीटर पुढे लोंबतो. त्यास तोलून धरणारे पाठीचे स्नायू सांध्याच्या मागे अवघ्या ५ सेंटिमीटरवर आहेत. तेव्हा त्यांनी पाचपट ओढ लाविली पाहिजे, म्हणजे १७५ किलोची. हा हिशेब स्थूल आहे. परंतु हातात भाताच्या चार काड्यांखेरीज काही नसता कंबरेवर दीड क्विंटलाहून अधिक ओढ पडते, हे त्यातून कळते. पूर्ण वाकल्यावर तर स्नायू सैल पडतात आणि सगळा भार मणक्यांच्या बंधनांवर येतो. बंधने तासन्‌तास ताणली की ती ढिली होतात व काम थांबल्यावरही काही वेळ ढिलीच राहतात. म्हणून लावणीतून अथवा ऊसतोडीतून उठल्याबरोबर जड मोळी उचलणे हे ओझे उचलण्याच्या सर्व प्रसंगांत वाईट. ऊस तर बुडख्याशी लवून तोडावा लागतो, कारण साखर बुडख्याकडे अधिक. आणि तोडणारी जोडी टनावर मजुरी घेते, तेव्हा दम खाण्याचा प्रत्येक क्षण तिच्या पदरचा जातो.

आता खुरपणी. येथे पाठ वाकलेली, गुडघे पूर्ण मिटलेले, आणि तशीच बैठक दिवसभर. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावच्या दीर्घ पाहणीतून १९९१ मध्ये असे निघाले की, ज्या पुरुषांच्या कामात गुडघे वाकविणे व अंगमेहनत दोन्ही होती, त्यांच्यात उतारवयात गुडघ्याची झीज सुमारे दुप्पट आढळली. चीनमध्ये बीजिंग येथील पाहणीत वयस्क स्त्रियांच्या गुडघ्यांची झीज फ्रॅमिंगहॅमच्या स्त्रियांपेक्षा अधिक दिसली, आणि तरुणपणी दिवसाचे पुष्कळ तास उकिडवे बसणे व ती झीज यांचा संबंध आढळला. इंग्लंडात १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहा वर्षांहून अधिक शेती केलेल्या पुरुषांत खुब्याची झीज इतरांच्या कितीतरी पट निघाली. वर्षे वाढली तशी झीज वाढली, यास विशेष महत्त्व आहे. जेथे माप वाढल्याने दुखणे वाढते तेथे कार्यकारणाचा संशय बळकट होतो.

तेव्हा निवाडा असा : नाडीच्या मापाने खुरपणी व लावणी हलकी अथवा मध्यम, ओझ्याच्या मापाने जवळजवळ शून्य, परंतु ठेवणीच्या व वेळेच्या मापाने ती गावातील जड कामांत मोडते. तिला 'हलके' म्हणणे म्हणजे मातीची खोली न खणता वरचा रंग पाहून प्रत लावणे होय.

दुखण्याची गणना

श्रम मोजले तसे दुखणेही मोजले पाहिजे. नॉर्डिक देशांतील संशोधकांनी १९८७ मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. शरीराचे नऊ भाग: मान, खांदे, कोपरे, मनगट व हात, पाठीचा वरचा भाग, कंबर, खुबे व मांड्या, गुडघे, घोटे व पावले. प्रत्येकाविषयी विचारावयाचे: गेल्या बारा महिन्यांत दुखले काय? त्यापायी नेहमीचे काम अडले काय? गेल्या सात दिवसांत दुखले काय?

महाराष्ट्रातही अशी गणना झाली आहे, आणि योगायोग असा की ती इंदापूर तालुक्यातच झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगाने चालणाऱ्या सामुदायिक संधिवात-कार्यक्रमाखाली पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांचे सहकारी यांनी १९९६ मध्ये भिगवण गावी घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी केली. त्यांत दर शंभरी सुमारे १८ जणांस सांधे व स्नायू यांची दुखणी आढळली. ज्या तालुक्यात जमिनीची प्रतबंदी प्रथम झाली, तेथेच तीवर राबणाऱ्यांच्या सांध्यांची मोजदाद सुमारे १६० वर्षांनी झाली! सबंध जगाचा विचार करता २०२० मध्ये सुमारे ६१.९ कोटी लोक कंबरदुखीने पीडित होते, आणि माणसास निकामी करणाऱ्या कारणांत तिचा क्रम पहिला लागतो.

येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगणे न्याय्य होईल. पहिली ही की, दुखण्यास केवळ श्रमच कारण नसतात. वय, वजन, जुनी इजा, झोप, चिंता यांचाही भाग असतो. अमेरिकेतील एका विमान कारखान्यातील तीन हजारांवर कामगारांच्या पाहणीत १९९१ मध्ये असे दिसले की, ज्यांस आपले काम रुचत नव्हते त्यांनी पाठदुखीची तक्रार अधिक केली. म्हणजे मनाचा जाच कंबरेत उतरतो. दुसरी गोष्ट गणनेतील गळतीची. ज्यांस सोसवत नाही ते काम सोडून जातात. कामावर मोजावयास उरतात ते कणखर. म्हणून 'आमच्या टोळीत कोणाची तक्रार नाही' या मुकादमाच्या शब्दावर विसंबू नये. जी शेते पेरलीच गेली नाहीत ती वगळून गावची पैसेवारी काढावी, तसा तो प्रकार होईल.

मापाने काय साधते

मोजून काय उपयोग, असे कोणी विचारील. त्यास कॅलिफोर्नियाचे उत्तर आहे. तेथील सालिनासच्या खोऱ्यात व इतरत्र पालेभाजीच्या शेतांत मजुरांस हातभर दांड्याचे कुदळे देत. मेक्सिकन मजूर त्यास 'एल कोर्तितो', म्हणजे 'छोटा', म्हणत. त्याने दिवसभर कंबरेतून वाकूनच काम होई. बागाइतदारांचे म्हणणे असे की, लांब दांड्याने रोपे तुटतील व पीक बुडेल. मजुरांच्या वतीने वकील उभे राहिले, डॉक्टरांनी पाठीच्या मणक्यांच्या हानीची साक्ष दिली, आणि १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ते अवजार बंद झाले. लांब दांडा आला. पीक बुडाले नाही. पुढे २००४ मध्ये वाकून हाताने तण काढण्याच्या कामावरही तेथे निर्बंध घातले गेले. इंग्लंडात दहा वर्षे शेतीत राबलेल्याची खुब्याची झीज २००५ मध्ये धंद्याचा रोग म्हणून साहाय्यास पात्र ठरली. आपल्याकडील शेतकरी-साहाय्याच्या योजना अपघात जाणतात, परंतु तीस वर्षांची झीज जाणत नाहीत. कारण झिजेची नोंद कोठेच नाही.

रोजाच्या बाबतीतही हेच. १९७६ मध्ये स्त्रीपुरुषांस समान मोबदल्याचा कायदा झाला, त्यात 'सारखे काम अथवा सारख्या स्वरूपाचे काम' असे शब्द होते. शेतात मात्र कामाची नावेच निराळी ठेवून त्यांस जड व हलके म्हटले की कायदा बाहेरच उभा राहतो. हा शब्द मोजमापानेच खोडता येईल. स्वतः मजूर लावणाऱ्या लहान शेतकऱ्याची ओढाताण आम्ही जाणतो. परंतु त्याच्या घरची माणसेही त्याच ओळीत खुरपीत असतात, तेव्हा हा प्रश्न मालक आणि मजूर असा दोन तटांचा नव्हे.

सभासदांनी काय करावे

पुढील गोष्टींस पैसा फारसा लागत नाही.

पहिली, नोंद. हाती घड्याळ व वही असावी. कामापूर्वी दहा मिनिटे बसवून नाडी मोजावी. काम चालू असता थांबवून लगेच पंधरा सेकंद मोजून चाराने गुणावे. उन्हाने, चहाने व तंबाखूने नाडी वाढते, म्हणून वेळ व हवा लिहावी. नंतर दर पाच मिनिटांनी एकदा पाहून ताठ, वाकलेली, पिळलेली, उकिडवी अशी खूण करावी. तीन तासांत ३६ खुणा होतात. शेवटी वरील नऊ भागांचे प्रश्न विचारावे. बायकांची नोंद बायकांनीच घ्यावी; उत्तर खरे मिळेल.

दुसरी, अवजार. ओळीत पेरलेल्या पिकात सायकल कोळपे अथवा लांब दांड्याचे कोळपे उभ्याने चालते. खुरपे ओळीतल्या तणापुरतेच ठेवावे. दांडा चालविणाऱ्याच्या उंचीचा असावा. गड्याच्या मापाचा दांडा बाईस देऊ नये. कापणीस दातेरी विळा वापरावा, म्हणजे हिसका कमी बसतो. बसूनच करावयाचे काम असेल तर वीतभर उंचीचे पाट वा चौरंगी दिल्याने गुडघा पूर्ण मिटत नाही.

तिसरी, पालट. एकाच ठेवणीत तासाहून अधिक ठेवू नये. खुरपणाऱ्या व वेचणाऱ्या बायांची कामे अदलाबदल करावी. तासाला दोन-चार मिनिटे ताठ उभे राहून कंबर मागे घ्यावी. वाकून काम केल्यावर काही वेळ चालल्याखेरीज ओझे उचलू नये.

चौथी, ओझे. घरच्या घरी भरावयाचे पोते २५ किलोंच्या आसपास भरावे. ५० किलोचे असेल तर दोघांनी उचलावे. माल जमिनीवर न ठेवता मांडीइतक्या उंच ओट्यावर ठेवावा. ओझे पोटाशी धरावे आणि वळताना कंबर न पिळता पाय वळवावे.

पाचवी, दुखणे अंगावर काढू नये. पायास मुंग्या येणे वा बधिरपणा, लघवी-शौचावरील ताबा जाणे, तापासह अथवा रात्री निजू न देणारी कंबरदुखी, पाय लुळा पडणे, ही लक्षणे दिसताच डॉक्टर गाठावा. साध्या कंबरदुखीत मात्र आठवडेच्या आठवडे निजून राहणे हितावह नाही, बेताबेताने हालचाल ठेवावी, असा आजच्या वैद्यकाचा कौल आहे.

आमची सूचना अशी की, प्रत्येक गावच्या सभासदांनी येत्या हंगामात आपल्या गावच्या निदान चार कामांची, म्हणजे खुरपणी, लावणी, तोडणी व भरणी यांची, अशी नोंद करून ती संस्थेच्या कचेरीकडे पाठवावी. नाव लिहू नये. वय, स्त्री की पुरुष, कामाची वर्षे, नाडी, ठेवणीच्या खुणा व दुखणारे भाग एवढे पुरे. शंभर गावांच्या अशा वह्या जमल्या म्हणजे श्रमाची प्रतबंदी आपोआप उभी राहील. मग रोज ठरविताना, अवजारे मागविताना अथवा सरकारदरबारी झिजेकरिता साहाय्य मागताना आपणांस तोंडी रूढीवर अवलंबून राहावे लागणार नाही. कागद पुढे ठेवता येईल. आणि कोणतेही काम 'हलके' असे लिहावयाचे झाल्यास, ते कोणत्या मापाने हलके, हे त्याच ओळीत लिहावे लागेल.